‘बंगाल’ नौकेचें युद्धचरित्र

मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील तोंडाशीं, करंजा बेटावर, द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. लक्ष्मणाच्या प्राणरक्षणासाठीं हनुमंत द्रोणगिरि घेऊन जात असतां त्याचा एक खंड येथें गळून पडला, अशी कथा या भागांतील लोक सांगतात. पायथ्याशीं करंजा गांवांत द्रोणागिरी देवीचें देऊळ आहे, आणि दर्यावर जाणाऱ्या कोळ्यांची तिच्यावर मोठी श्रद्धा आहे. उरणचा हा मुलूख एके काळीं पनवेल तालुक्यांत मोडत असे. आज तो रायगड जिल्ह्यांतील स्वतंत्र तालुका आहे, आणि १९८९ सालीं सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारीं अवाढव्य मालवाहू जहाजें या डोंगरासमोरूनच आंत शिरतात. मुंबईच्या गोदींतून बाहेर पडणाऱ्या युद्धनौकेला हा डोंगर डाव्या हातास दिसतो आणि परत येतांना उजव्या हातास. किती नौका त्याच्या समोरून गेल्या आणि त्यांपैकीं किती परत आल्या, याचा हिशेब कोणा एका ग्रंथांत सांपडावयाचा नाहीं.

या पाण्याला लहान नौकांनीं मोठ्या जहाजांशीं झुंज देण्याची परंपरा आहे. द्रोणागिरीच्या दक्षिणेस खांदेरीचें बेट आहे. १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं तें तटबंदी घालून बळकट करावयास आरंभ केला, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं आपलें आरमार आडवें घातलें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत मराठ्यांचीं हलकीं गलबतें एकदम इंग्रजांच्या आरमारावर चालून गेलीं. इंग्रजांचें ‘डोव्हर’ नांवाचें जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजानें मात्र आपल्या तोफांच्या बळावर टिकाव धरला. मराठी गलबतांवरील तोफा लहान होत्या. पण भरतीओहोटीचें ज्ञान, वल्ह्यांचा वेग आणि माणसांचा धीर या तीन गोष्टींवर त्यांनीं अखेर खांदेरी राखलीच.

त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशें वर्षांनीं, दुसऱ्या महायुद्धांत, मुंबई हें ज्या आरमाराचें प्रमुख ठाणें होतें त्यांतील एका चिमुकल्या नौकेवर असाच प्रसंग आला. तिचें नांव ‘बंगाल’. मोठमोठ्या विनाशिकांचीं आणि रणनौकांचीं युद्धचरित्रें पुष्कळ लिहिलीं गेलीं आहेत. त्यांच्या पंक्तींत या नौकेला फारशी जागा मिळालेली नाहीं. परंतु तिची हकीकत नीट समजून घेतली, तर पराक्रम कशाला म्हणावें आणि त्याचें श्रेय कोणाला द्यावें, या प्रश्नाचा विचार करणें भाग पडतें.

प्रथम तिच्या आरमाराची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हें नांव हिंदी आरमाराला १९३४ सालीं मिळालें. नांव भारदस्त होतें, पण १९३९ सालीं युद्ध सुरू झालें तेव्हां त्याच्यापाशीं हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतक्याच युद्धनौका होत्या, आणि अधिकारी व खलाशी मिळून मनुष्यबळ दोन हजारांच्याही आंत होतें. विनाशिका तर एकही नव्हती. युद्ध संपेपर्यंत हेंच मनुष्यबळ पंचवीस हजारांच्या वर गेलें. युद्धापूर्वींच्या काळांत या आरमाराचे खलाशी मोठ्या प्रमाणावर रत्नागिरी जिल्ह्यांतून, विशेषतः तेथील कोंकणी मुसलमान समाजांतून येत असत. खाडीकांठीं जन्मलेलीं, शीड आणि सुकाणूं यांच्या संगतींत वाढलेलीं हीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरीत आलीं होतीं. पुढें भरतीचें क्षेत्र वाढत जाऊन पंजाबापासून मद्रासेपर्यंतचे तरुण आले. तरी आरमाराचा जुना पाया कोंकणी होता.

१९४२ चें साल हिंदी महासागराच्या दृष्टीनें फार कठीण गेलें. फेब्रुवारींत सिंगापूर पडलें. मार्चांत जपान्यांनीं अंदमान बेटें घेतलीं. एप्रिलच्या आरंभीं त्यांच्या विमानांनीं कोलंबो व त्रिंकोमाली येथें बाँब टाकले, विशाखापट्टण व काकीनाडा येथेंही हल्ले केले, आणि ‘हर्मिस’ ही ब्रिटिश विमानवाहू नौका लंकेजवळ बुडविली. नोव्हेंबरांत उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरावयाच्या होत्या, त्यामुळें संरक्षणाच्या नौकांची ओढ तिकडे होती. ऑस्ट्रेलियापासून हिंदुस्थानापर्यंतच्या हजारों मैलांच्या विस्तारांत व्यापारी जहाजांना सोबत देण्यास विनाशिका मिळत नसत. जें मिळेल तें जहाज सोबतीला द्यावयाचें, अशी वेळ आली होती. ‘बंगाल’ या नौकेवर आलेला प्रसंग या टंचाईंतून आला.

‘बंगाल’ ही मूळची सुरुंग काढण्यासाठीं व किनाऱ्याजवळील पहाऱ्यासाठीं आंखलेली नौका. ऑस्ट्रेलियांत ‘बॅथर्स्ट’ वर्गाच्या साठ नौका बांधण्यांत आल्या. त्यांपैकीं चार हिंदी आरमारासाठीं होत्या आणि त्यांना ‘पंजाब’, ‘मद्रास’, ‘बंगाल’ व ‘बाँबे’ अशीं नांवें देण्यांत आलीं. यांतील ‘बाँबे’ ही नौका १९४२ च्या मेअखेरीस सिडनी बंदरांत असतांनाच जपानी छोट्या पाणबुड्यांनीं त्या बंदरांत शिरून हल्ला केला होता. ‘बंगाल’ त्याच महिन्यांत सिडनीच्या कॉकाटू बेटावरील गोदींतून पाण्यांत उतरली आणि ऑगस्टांत सेवेंत रुजू झाली. वजन सुमारें साडेसहाशें टन, लांबी १८६ फूट आणि वेग ताशीं सुमारें पंधरा सागरी मैल. या वर्गाच्या अनेक नौकांवर चार इंची तोफ असे. ‘बंगाल’ला मिळाली ती बारा पौंडी, म्हणजे तीन इंची तोंडाची एकच तोफ, आणि विमानांविरुद्ध कांहीं लहान तोफा. पाणबुडीवर टाकावयाचे सुरुंगी पिंप तिच्याजवळ होते. पण पाण्यावरच्या मोठ्या शत्रूशीं लढण्याची तिच्याकडून कोणीच अपेक्षा केली नव्हती. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. खलाशी बहुतेक हिंदी होते आणि नवी नौका मायदेशीं आणण्यासाठीं ऑस्ट्रेलियांत गेले होते.

५ नोव्हेंबर १९४२ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरांतून ‘बंगाल’ निघाली. तिच्याबरोबर ‘ओंडिना’ नांवाचें डच तेलवाहू जहाज होतें. तें सहा हजार टनांवर होतें, पण त्याचा वेग सोबतीच्या नौकेपेक्षांही कमी होता. त्याच्यावर चार इंची एक तोफ बसविलेली होती आणि तिच्यासाठीं अवघे ३२ गोळे होते. टाक्या रिकाम्या होत्या. ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरणार होती. दोन्ही जहाजांना प्रथम दिएगो गार्सिया बेट गांठावयाचें होतें.

याच समुद्रांत ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ हीं दोन जपानी जहाजें सावज शोधीत हिंडत होतीं. मूळचीं हीं उतारूंचीं व मालाचीं जहाजें. प्रत्येक दहा हजार टनांच्या वर. युद्धासाठीं त्यांवर साडेपांच इंची तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या आणि पाण्यावर उतरणारीं विमानें बसविण्यांत आलीं होतीं. वेग वीस मैलांच्या वर. १९४२ च्या मे महिन्यांत त्यांनीं ‘जेनोटा’ हें डच तेलवाहू जहाज पकडलें, जूनमध्यें ‘एलिसिया’ हें ब्रिटिश जहाज बुडविलें आणि जुलैंत ‘हौराकी’ हें न्यूझीलंडचें जहाज ताब्यांत घेतलें. अशा जोडीशीं एका सुरुंगकाढू नौकेची आणि एका रिकाम्या तेलवाहू जहाजाची गांठ पडावयाची होती.

ती गांठ ११ नोव्हेंबर रोजीं दुपारच्या सुमारास कोकोस बेटांच्या नैऋत्येस पडली. क्षितिजावर एक मोठें जहाज दिसलें, पाठोपाठ दुसरें दिसलें, आणि थोड्याच वेळांत त्यांचीं निशाणें ओळखूं आलीं. विल्सन यांनीं ‘ओंडिना’ला स्वतंत्रपणें निसटून जाण्याची आज्ञा दिली आणि आपली नौका सरळ शत्रूकडे वळविली. सोबतीच्या नौकेचें काम सोबतीच्या जहाजाला वांचविणें हें आहे; तें शत्रूला बुडवून साधत नसेल, तर शत्रूचें लक्ष आपल्याकडे ओढून साधावें, इतका साधा विचार या आज्ञेंत होता. साडेसहाशें टनांची नौका वीस हजार टनांच्या अंगावर चालली होती. तिच्या तोफेजवळ, यंत्रांजवळ आणि सुकाणूंजवळ उभ्या असलेल्या खलाशांपैकीं बहुतेकांनीं त्यापूर्वीं शत्रूचें जहाज पाहिलेंही नसावें. नौकाच तीन महिन्यांची होती.

‘ओंडिना’चे कप्तान विलेम होर्समन यांनीं निराळा हिशेब केला. आपल्या वेगानें पळून जाणें अशक्य आहे, हें त्यांना दिसत होतें. म्हणून त्यांनीं आपल्या एकुलत्या तोफेनें गोळीबार सुरू केला. अशा रीतीनें दोन लहान जहाजें एकाच वेळीं ‘होकोकू मारू’वर मारा करूं लागलीं. जपानी तोफांचे गोळे दोघांच्याही आजूबाजूस पडत होते व कांहीं लागतही होते. तेवढ्यांत ‘होकोकू मारू’च्या मागील भागांत, टॉर्पेडोच्या नळ्यांजवळ, एक गोळा बसला. आग भडकली, ती पसरत गेली, आणि अखेर दारूगोळ्याचा प्रचंड स्फोट होऊन तें जहाज बुडालें. त्याचे कप्तान इमाझातो यांच्यासह ७६ माणसें मृत्यूमुखीं पडलीं.

तरीही लढाई संपली नव्हती. ‘आयकोकू मारू’ शाबूत होतें आणि आतां तें चवताळून पुढें आलें. ‘बंगाल’वरील दारूगोळा संपत आला होता, मागील बाजूस गोळा लागून नुकसानही झालें होतें. विल्सन यांनीं धुराचा पडदा सोडून ‘ओंडिना’ला आडोसा देण्याचा प्रयत्न केला. त्यांना ‘ओंडिना’वर गोळे बसतांना दिसले, तें जहाज आतां वांचत नाहीं अशी त्यांची समजूत झाली आणि त्यांनीं आपली नौका बाजूला काढली. कित्येक गोळे जवळ पडूनही तिच्यावरील एकही माणूस दगावला नाहीं. कांहीं दिवसांनीं ती दिएगो गार्सियाला सुखरूप पोहोंचली.

मागें राहिलेल्या ‘ओंडिना’ची कहाणी याहून करुण आणि याहून विलक्षण आहे. शेवटचे गोळे संपल्यावर होर्समन यांनीं जहाज सोडण्याची आज्ञा दिली, आणि त्याच सुमारास एका गोळ्याच्या तुकड्यानें ते स्वतः ठार झाले. माणसें होड्यांत उतरलीं. ‘आयकोकू मारू’नें जहाजावर टॉर्पेडो सोडले, त्यांतील दोन लागले. एवढ्यावर न थांबता त्या जहाजानें होड्यांवर मशीनगनचा मारा केला आणि त्यांत आणखी कांहीं माणसें बळी पडलीं. नंतर आपल्या बुडालेल्या सोबत्यांना पाण्यांतून उचलून घेऊन, ‘ओंडिना’ बुडणारच असें समजून तें निघून गेलें. पण टाक्या रिकाम्या असल्यामुळें ‘ओंडिना’ एका अंगावर कलली तरी तरंगत राहिली. वांचलेल्या डच व चिनी खलाशांनीं पुन्हां वर चढून आग विझविली, यंत्रें चालू केलीं आणि तें छिन्नभिन्न जहाज आठवड्याभरांत फ्रीमँटलला परत नेलें. ज्यांनीं एकदां जीव वांचविण्यासाठीं जहाज सोडलें, त्यांनींच तें वांचविण्यासाठीं परत त्यावर पाऊल ठेवावें, हा धीर सामान्य नव्हे.

आतां श्रेयाचा प्रश्न. युद्धकाळीं ही वार्ता प्रसिद्ध झाली तेव्हां हिंदुस्थानांत व इंग्लंडांत ‘बंगाल’चा जयजयकार झाला. एका चिमुकल्या हिंदी नौकेनें आपल्याहून पंधरापट मोठें जहाज बुडविलें, ही बातमी त्या निराशेच्या दिवसांत कोणाला नको होती? विल्सन यांना शौर्यपदक मिळालें व कांहीं हिंदी खलाशांचाही गौरव झाला. परंतु ‘ओंडिना’ परत आल्यावर डच खलाशांनीं आपली बाजू सांगितली. त्यांचें म्हणणें असें, कीं तो निर्णायक गोळा त्यांच्या चार इंची तोफेचा होता. आणि तोफांचा आकार व गोळा बसलेली जागा यांचा विचार केला, तर पुढील काळांतील बहुतेक अभ्यासकांचा कल त्यांच्या बाजूला दिसतो. ‘बंगाल’ निघून गेली याबद्दलही त्यांच्या मनांत कटुता राहिली असल्यास नवल नाहीं.

या वादांत आपल्या देशाची नौका म्हणून ‘बंगाल’ची बाजू ओढून धरणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. गोळा ‘ओंडिना’चा होता असें मानलें, तरी ‘बंगाल’चें खरें श्रेय तसूभरही कमी होत नाहीं. तिचें श्रेय त्या पहिल्या वळणांत आहे. पळून जाण्यास तिला कांहीं वेळ तरी मोकळीक होती. ती तिनें घेतली नाहीं. शत्रु दोन लक्ष्यांत विभागला गेला म्हणूनच डच तोफेला नेम धरण्यास अवसर सांपडला. तसेंच, अखेरीस ‘बंगाल’नें माघार घेतली हेंही स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. दारूगोळा संपत आलेला, सोबतचें जहाज बुडालेंच अशी समजूत झालेली. अशा वेळीं नौका व माणसें वांचविण्याचा निर्णय सेनापतीच्या हिशेबांत बसणारा आहे. ती समजूत चुकीची ठरली, आणि त्या चुकीची किंमत होड्यांतील माणसांनीं मोजली. पराक्रम व चूक हीं दोन्हीं एकाच दिवशीं, एकाच नौकेच्या हातून घडूं शकतात. जो इतिहास यांतील एकच गोष्ट सांगतो त्याला जाहिरात म्हणावें. इतिहास हें नांव त्याला शोभत नाहीं.

या लढाईचा परिणाम मात्र तिच्या आकाराहून मोठा झाला. एका सोबतीच्या नौकेकडून आणि तेलवाहू जहाजाकडून असें मोठें जहाज गमावल्यावर जपाननें या महासागरांत सशस्त्र व्यापारी जहाजांकडून लूटमार करण्याचा बेत बहुतेक सोडूनच दिला. ‘आयकोकू मारू’ पुढें मालाच्या व सैन्याच्या वाहतुकीस लागलें आणि फेब्रुवारी १९४४ मध्यें प्रशांत महासागरांतील ट्रुक बेटांजवळ अमेरिकन विमानांनीं त्याला बुडविलें. ‘ओंडिना’ दुरुस्त होऊन पुन्हां कामास लागली. ‘बंगाल’ही युद्ध संपेपर्यंत सेवेंत राहिली. पहारा, सोबत आणि सुरुंगांचा शोध, हें तिचें नेहमींचें काम. त्या कामाच्या बातम्या होत नसत.

ज्या खलाशांचें कौतुक १९४२ सालीं झालें, त्यांच्याच आरमाराला युद्ध संपतांच निराळा अनुभव आला. वाईट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा, पगारांतील भेद आणि नोकरीनंतरच्या भविष्याची चिंता यांमुळें १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या ‘तलवार’ या केंद्रांत खलाशांनीं बंड पुकारलें. तें मुंबईच्या गोदींतील नौकांवर व कराचीपर्यंत पसरलें, आणि पांच-सहा दिवसांनीं शरणागतीनें संपलें. लढतांना ज्यांना वीर म्हटलें त्यांना जेवतांना कोणत्या प्रतीचें अन्न वाढलें जातें, हा प्रश्न त्या बंडानें साऱ्या देशापुढें मांडला. युद्धकाळांतील प्रशंसेचें मोल त्यावरून कळतें.

स्वातंत्र्यानंतर ‘बंगाल’ भारतीय आरमारांत राहिली. १९५० च्या जानेवारींत देश प्रजासत्ताक झाला तेव्हां नौकांच्या नांवांमागील राजाचा उल्लेख गेला. १९६० सालीं ती मोडींत निघाली. कांहीं जुन्या नौका संग्रहालयें होऊन राहिल्या. हिच्या वांट्याला तेवढेंही आलें नाहीं.

मुंबईंत मस्जिद बंदराजवळ हिंदी खलाशांचें एक विश्रामगृह आहे. तेथें दुसऱ्या महायुद्धांत ज्यांचे देह समुद्रालाच मिळाले अशा अखंड हिंदुस्थानच्या आरमारी व व्यापारी खलाशांचा एक नांवांचा ग्रंथ ठेवण्यांत आला. त्याचीच दुसरी प्रत चितगांव येथें आहे. त्यांत सुमारें साडेसहा हजार नांवें आहेत. ११ नोव्हेंबरच्या लढाईंत ‘बंगाल’वरील कोणाचेंही नांव त्यांत जाण्याची वेळ आली नाहीं, हें तिचें भाग्य. पण त्या ग्रंथांतील बहुतेक माणसें ज्या जहाजांवर मेलीं त्यांची झुंज वृत्तपत्रांत आली नाहीं, त्यांच्या गोळ्याचें श्रेय कोणाचें याबद्दल वाद झाला नाहीं, आणि कित्येकांच्या हातीं तर तोफही नव्हती. यंत्राच्या खोलींत कोळसा ओढतां ओढतां त्यांच्यावर टॉर्पेडो येऊन आदळला. ‘बंगाल’ची कथा सांगतांना त्यांची आठवण ठेवणें अगत्याचें आहे; कारण तिच्या खलाशांनीं त्या दुपारीं जें केलें, तें या हजारों माणसांनीं रोज, कोणी पाहत नसतां, केलेलें होतें. नेमून दिलेली जागा सोडली नाहीं, एवढेंच.